पुन्हा न आलेले गिऱ्हाईक

आपल्या साहित्यशास्त्राने आपले कितीतरी महत्त्वाचे शब्द स्वयंपाकघरातून उचलले आहेत. रस, रुची, आस्वाद, चर्वणा, परिपाक हे सारे शब्द मुळात जिभेचे आहेत. कवितेकडे ते मागाहून आले. परंतु मौज अशी, की काव्याची चर्चा करताना जी भाषा आपणांस इतकी मोकळेपणाने वापरता येते, तीच भाषा प्रत्यक्ष जेवणाविषयी लिहावयाची वेळ आली म्हणजे तोकडी पडते. मग 'ताजे होते', 'महाग होते', 'वाढणारे अदबीचे होते', एवढ्या चार विशेषणांत सारा अनुभव आटोपतो.

हा विचार मनात येण्याचे निमित्त अगदी साधे आहे. गेल्या हिवाळ्यात कन्या आणि जावई यांच्या आग्रहास्तव आम्ही उभयता दिल्लीतील एका नव्या जपानी उपाहारगृहात गेलो. सुशी खाण्याची टूम सध्या राजधानीत जोरात आहे. उंच स्टुलांवर बसलेली मंडळी समोर आलेल्या ताटलीचे आधी छायाचित्र घेत होती आणि मग जेवत होती. शिरका लावलेल्या भाताची बोटभर मूठ आणि तिच्यावर कच्च्या माशाचा एक काप, एवढाच तो पदार्थ. तो मला आवडला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. निघताना एका तरुणाने नम्रपणे एक छापील कार्ड पुढे केले. पदार्थ, सेवा, स्वच्छता यांना गुण द्यावयाचे होते आणि शेवटी एक प्रश्न होता : आपण पुन्हा याल का? जावयांनी क्षणाचाही विलंब न लावता होकारार्थी खूण केली. मी मात्र त्या प्रश्नापाशी थबकलो. कारण सुशीच्याच गिऱ्हाइकांविषयीच्या दोन जपानी कथा मी पूर्वी इंग्रजी भाषांतराच्या वाटेने वाचल्या होत्या, आणि त्या दोहोंतही गिऱ्हाईक तृप्त होते व पुन्हा येत नाही. असे का व्हावे, याचा शोध घेण्यासाठी हा लेख.

पहिली कथा शिगा नाओया यांची. 'पोऱ्याचा देव' असे तिच्या नावाचे मराठी करता येईल. ती १९२० साली 'शिराकाबा' या मासिकात प्रसिद्ध झाली. दुसरी कथा ओकामोतो कानोको या लेखिकेची. तिचे नावच मुळी 'सुशी'. ती १९३९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच महिन्यात लेखिकेचे निधन झाले. या काळी सुशी म्हणजे आजच्यासारखे जगभर मिरवणारे खाणे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने वळलेल्या सुशीचा प्रसार झाला. ते कामकऱ्यांचे, उभ्याउभ्याने गाड्यावर खावयाचे अन्न होते. आपल्याकडे भेळेचा किंवा वड्याचा गाडा असतो त्या जातीचे.

शिगांच्या कथेतील सेन्किची हा टोकियोतील एका तराजूच्या दुकानातला उमेदवार पोऱ्या. दुकानातील थोरले कारकून सुशीच्या गप्पा मारतात आणि हा बाजूला बसून ऐकतो. एकदा कामासाठी पाठविले असता तो परतीचे ट्रामचे भाडे वाचवितो आणि चार सेन मुठीत धरून सुशीच्या गाड्यापाशी जातो. ट्यूनाची, म्हणजे आपल्या कोकणातल्या कुप्याची, एक सुशी तो उचलतो. गाडीवाला सांगतो, एकीचे सहा सेन. पोऱ्या उचललेला घास मुकाट्याने परत ठेवतो आणि पडद्याबाहेर निघून जातो.

तोंडचा घास काढून घेणे हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो! येथे तो घास कोणी काढून घेत नाही. ज्याचा त्यालाच तो खाली ठेवावा लागतो. हात लावलेली वस्तू परत ठेवली, म्हणून गाडीवाला कुरकुरतो. उष्ट्याखरकट्याचे नियम ज्याने लहानपणी पाळले आहेत, त्या मराठी वाचकाला त्या कुरकुरीतला डंख समजावून सांगावयास नको.

परंतु कथेची खरी खोच पुढे आहे. त्या गाड्यापाशी आणखी एक गिऱ्हाईक उभे असते. उमरावसभेचा हा तरुण सभासद. लेखक त्याला नुसते 'अ' म्हणतो. सुशीची खरी लज्जत गाड्यावर उभे राहून, हाताने खाण्यात आहे, असे एका जाणकार मित्राने सांगितल्यावरून तो मुद्दाम तेथे आलेला असतो. म्हणजे दोघेही ऐकीव कीर्तीनेच तेथे आले आहेत. फरक एवढाच, की एकाच्या मुठीत चार सेन आहेत आणि दुसऱ्याला किंमत विचारण्याचे कारण नाही. टूम म्हणून गाड्यावर आलेला उमराव आणि भूक म्हणून आलेला पोऱ्या यांना एकाच फळीपाशी उभे करण्यात शिगांनी जे साधले आहे, ते समाजवादावरील पानेच्या पाने लिहूनही साधले नसते.

अ-ला त्या वेळी काही करण्याचे धैर्य होत नाही. पुढे योगायोगाने तो त्याच तराजूच्या दुकानात मुलासाठी वजनकाटा घ्यावयास जातो आणि पोऱ्याला ओळखतो. खोटे नाव व पत्ता लिहून देऊन, काटा पोचविण्याच्या निमित्ताने तो त्याला बाहेर नेतो, एका सुशीच्या दुकानात बसवितो, मालकिणीपाशी पैसे देतो आणि स्वतः निघून जातो. पोऱ्या तिघांचे अन्न एकटा खातो. हे सारे कोणी केले, का केले, हे त्याला कळत नाही. आपली फजिती त्या गृहस्थाला कशी ठाऊक, हे तर मुळीच कळत नाही. अखेर तो अशा निर्णयाला येतो, की हा मनुष्य नव्हे, देव असावा.

येथे एखाद्या सामान्य लेखकाने अ-च्या मुखावर समाधानाची प्रभा पसरविली असती. शिगांचा अ मात्र उदास होतो. चोरून काही वाईट कृत्य केल्यासारखे त्याला वाटते. त्या तराजूच्या दुकानावरून जाणेही तो टाळू लागतो आणि त्या सुशीच्या दुकानात पाऊल टाकण्याची इच्छाही त्याला उरत नाही. पोऱ्याचेही तेच. मालकिणीने पुन्हा येण्याचा आग्रह केलेला असतो, पैसे आधीच भरलेले असतात; तरी तो जात नाही. दुःखाच्या वेळी मात्र त्याला त्या गिऱ्हाइकाची आठवण होते आणि नुसत्या आठवणीने त्याला धीर येतो. देणारा जात नाही, कारण आपण दुसऱ्याचे दैन्य पाहिले याची त्याला लाज आहे. घेणारा जात नाही, कारण प्रसाद हा मागून घ्यावयाचा नसतो, हे त्या अडाणी पोराला उपजतच कळते.

या कथेच्या शेवटाविषयी वाद होऊ शकतो. लेखक स्वतः पुढे येऊन सांगतो, की पोऱ्या त्या खोट्या पत्त्यावर जातो आणि तेथे त्याला इनारी देवतेची लहानशी देवळी आढळते, असा शेवट करण्याचे मनात होते. पण पोऱ्याच्या दृष्टीने ते क्रूर वाटल्याने येथेच लेखणी थांबविली. कथाबंधाच्या दृष्टीने हा रसभंग आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. जो अधिकार पैशामुळे अ-ला पोऱ्यावर मिळाला होता, तोच लेखणीमुळे लेखकाला मिळालेला आहे. अ-ने तो वापरला आणि तो खिन्न झाला; लेखकाने तो वापरण्याचे नाकारले. दयेलाही मर्यादा असते, हे येथे केवळ सांगितलेले नाही, लेखकाच्या आचरणात उतरलेले आहे.

ओकामोतोबाईंची कथा निराळ्या प्रकृतीची आहे. टोकियोच्या जुन्या वस्तीच्या आणि उच्चभ्रू टेकाडांच्या सीमेवर एक सुशीचे दुकान आहे. दुकानदाराची शाळकरी कन्या तोमोयो नेहमीच्या गिऱ्हाइकांना न्याहाळीत असते. त्यांतील मिनातो नावाच्या प्रौढ गृहस्थाकडे तिचे मन ओढ घेते. त्याचा खाण्याचा क्रम ठरलेला : आरंभी कुप्याचा स्निग्ध भाग, मग शिजविलेले प्रकार, मग हलक्या चवीचे मासे आणि शेवटी अंडे व समुद्रशेवाळात गुंडाळलेला भात. एके दिवशी दुकानाबाहेर दोघांची गाठ पडते आणि तो तिला आपले बालपण सांगतो.

लहानपणी त्याला अन्नाची शिसारी होती. खाल्ले की आपला देह विटाळतो, अशी त्याची भावना. अंडे आणि शेवाळ एवढेच काय ते त्याच्या घशाखाली उतरे. अखेर एके दिवशी आई ओसरीवर नवी चटई अंथरते. नवा पाट, नवी सुरी मांडते. हात धुऊन, जादूगारासारखे दोन्ही बाजूंनी उलटेपालटे करून त्याला दाखविते आणि त्याच्यासमोर भाताच्या मुठी वळू लागते. आधी अंडे, मग माकूळ, मग पांढऱ्या मांसाचा मासा. मुलगा खातो आणि जगतो. काऊच्या आणि चिऊच्या नावाने भरविलेल्या घासांवर जे वाढले, त्यांना ही आई परकी वाटणार नाही. पण आपल्या आया गोष्टीत रमवून अन्न विसरावयास लावतात. ही आई अन्न आणि हात दोन्ही उघडे करून दाखविते. मुलाचा अविश्वास अन्नावर होता. तिने आधी हाताविषयी विश्वास दिला.

आता मिनातोचा तो क्रम पुन्हा आठवावा. अंडे आणि शेवाळ, म्हणजे बालपणी जेवढे चालत होते तेवढ्याशी, त्याचे जेवण संपत असे. तो रोज दुकानात खात नव्हता; रोज मागे चालत जात होता. लेखिका हे कोठेही उलगडून सांगत नाही, आणि हाच या कथेतील सर्वांत मोठा गुण होय. दोषही आहेत. बालपणाचा भाग इतका सघन आहे, की त्याच्या आधीची दुकानाची वर्णने प्रस्तावनेसारखी भासतात आणि तोमोयोचे मन अर्धवट रेखाटलेले राहते. पण शेवट अचूक आहे. त्या दिवसानंतर मिनातो दुकानात येत नाही. कोठेतरी बिऱ्हाड हलविले असेल, सुशीची दुकाने काय सगळीकडे असतात, अशी मुलगी मनाची समजूत घालते. जी गोष्ट मुक्याने उपभोगण्यासाठी तो तेथे येत होता, ती एकदा उच्चारली गेली. आता त्या फळीपाशी बसणे त्याला कसे शक्य होते?

१९५८ साली ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी यांनी फिरत्या पट्ट्यावर सुशी ठेवण्याची युक्ती काढली आणि वळणारा हात गिऱ्हाइकापासून दूर गेला. दुसऱ्या टोकाला, कारागिराच्या मर्जीवर सारे सोपवून बसावयाची महागडी दुकाने आली. २०११ च्या एका अमेरिकन माहितीपटाने टोकियोतील अशाच एका वृद्ध कारागिराला, जिरो ओनो यांना, जगप्रसिद्ध केले. त्यांची निष्ठा वंदनीय आहेच. परंतु अशा फळीपाशी आता चार सेनवाला पोऱ्या येऊ शकत नाही. अ एकटाच बसतो, आणि समोर कोणी नसल्यामुळे त्याला लाजही वाटत नाही. दिल्लीतील त्या रात्री मला काय खटकले ते मला यामुळे उमगले. अन्नात उणीव नव्हती. आम्ही सगळेच अ होतो.

आपण बदलीच्या नोकरीतली माणसे. माझी पहिली नेमणूक कटकला झाली. तेथे एका लहानशा खानावळीत मी दोन वर्षे जेवलो. एकदा तापातून उठलो असता तिच्या वृद्ध मालकाने मला टेबलापाशी येऊ दिले नाही. स्वतः खोलीवर येऊन आंबूस पखाळ भात आणि मीठ माझ्यासमोर ठेवले, आणि मी संपवीपर्यंत दारात बसून राहिला. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर बदली झाली. पुढच्या तीस वर्षांत कटक स्थानकावरून मी अनेकदा गेलो. दोनदा तर सरकारी कामासाठी तेथे मुक्कामही केला. त्या गल्लीत गेलो नाही. याला मी आजवर कृतघ्नपणा म्हणत आलो, आणि त्यात काही अंशी तथ्य असेलही. परंतु सेन्किची आणि मिनातो यांच्या शेजारी ही आठवण ठेवून पाहिली, तेव्हा तिला दुसराही एक अर्थ असावा असे वाटू लागले. शिरक्याच्या भाताचा पहिला घास जिभेवर येताच मला आठवण झाली ती त्या पखाळाची.

छापील कार्डावरचा तो प्रश्न मी कोराच ठेवला. तरुणाने तो पाहिला आणि काही उणे झाले का, असे काळजीने विचारले. काही उणे नव्हते, असे मी त्याला सांगितले. आणि ते खरेच होते.