राजा दीनदयाळ यांचीं छायाचित्रें : एक परीक्षण

संस्थानी हिंदुस्थानाविषयीं एखादा सचित्र ग्रंथ उघडावा आणि त्यांत राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओंतील एकहि छायाचित्र आढळूं नये, असें क्वचितच घडतें. हीं चित्रें आतां इतकीं परिचित झालीं आहेत कीं, पुरावा म्हणून मांडतांना त्यांची परीक्षा करण्याची गरज कोणास वाटत नाहीं. लेखी कागद हातीं आला म्हणजे आपण अक्षर, शिक्का, तिथि व मायना पाहतों. छायाचित्र मात्र डोळ्यांना दिसतें एवढ्याच आधारावर विनातक्रार स्वीकारतों. प्रस्तुत लेखकाकडूनहि हा प्रमाद घडला आहे. त्याची कबुली पुढें येईलच.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ सालीं मीरतजवळील सरधना येथें एका जैन कुटुंबांत झाला. रुडकी येथील थॉमसन स्थापत्य महाविद्यालयांत शिकून ते इंदुरास सरकारी बांधकाम खात्यांत नकाशे व अंदाजपत्रकें करण्याच्या कामावर लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनीं छायाचित्रणास आरंभ केला. दुसरे तुकोजीराव होळकर व मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांचें पाठबळ त्यांस लाभलें. या कलावंताच्या उदयाशीं एका मराठी दरबाराचा असा प्रत्यक्ष संबंध आहे, हें आपण विसरूं नये. १८८२ सालीं सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत प्रवास करून त्यांनीं घेतलेलीं प्राचीन वास्तूंचीं चित्रें १८८६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. पुढें नोकरी सोडून ते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयास गेले. सिकंदराबादेस त्यांचा स्टुडिओ निघाला; १८९२ सालीं हैदराबादेंत पडदानशीन स्त्रियांसाठीं स्वतंत्र स्टुडिओ निघून त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोंपविण्यांत आली. १८९४ सालीं निजामानें त्यांस ‘राजा बहादुर मुसव्वर जंग’ हा किताब दिला, १८९६ सालीं मुंबईस शाखा उघडली व १८९७ सालीं व्हिक्टोरिया राणीची सनद मिळाली. जुलै १९०५ मध्यें मुंबईस त्यांचें निधन झालें.

आतां गुणदोषांकडे वळूं. कामसूत्रावरील जयमंगला टीकेंत यशोधरानें चित्राचीं सहा अंगें मोजलीं आहेत. हीं अंगें कुंचल्याच्या चित्राचीं आहेत हें खरें. तथापि त्यांची कसोटी येथें निरुपयोगी ठरत नाहीं. सादृश्य तर यंत्रच देतें, त्याचें श्रेय कलावंतास देण्याचें कारण नाहीं. प्रमाण मात्र दीनदयाळ यांचें स्वतःचें आहे. बसलेल्या सरदाराचा गुडघा, तरवारीची मूठ, मागील खांबाची रेषा, गालिच्याची कड, या सर्वांचा तोल त्यांनीं असा सांभाळलेला असतो कीं, नजर आपोआप मध्यावर येऊन स्थिरावते. रुडकीस नकाशे काढण्यास शिकलेला हात येथें ओळखूं येतो. इमारतीचें दर्शनी अंग ज्या रीतीनें मांडावें, त्याच रीतीनें ते माणसांचा मेळा मांडतात. म्हणूनच त्यांचीं समूहचित्रें एकट्या व्यक्तीच्या चित्रांहून सरस उतरलीं आहेत.

भाव या अंगाविषयीं मात्र मन साशंक होतें. चेहरे निश्चल, ओठ मिटलेले, दृष्टि दूर. याचा दोष कांचेस देतां येत नाहीं. ओल्या कांचेच्या काळीं बसणारास कांहीं सेकंद स्तब्ध राहावें लागे. परंतु १८८० नंतरच्या दशकांत कोरड्या कांचा प्रचारांत आल्या व तो अवधि पुष्कळ कमी झाला. तरीहि स्तब्धता कायम राहिली, अर्थात् ती दरबारी रीतीची आहे. दीनदयाळ व्यक्तीचें चित्र घेत नसून पदाचें चित्र घेत होते. एप्रिल १९०२ मध्यें लॉर्ड कर्झन सपत्नीक मृत वाघामागें उभे राहिले, त्या प्रसिद्ध चित्रांतहि शिकारीच्या दमणुकीपेक्षां अधिकाराचाच थाट दिसतो. ही त्यांच्या कलेची मर्यादा आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीनें तोच तिचा उपयोगहि आहे. कारण त्या पदांनीं स्वतःस कसें दाखवूं इच्छिलें, हें याहून स्पष्ट कोठें सांपडणार?

वर्णिकाभंगाविषयीं तर अभ्यासकांनीं विशेष सावध असावें. त्या काळच्या सामान्य कांचांस तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे व निळा अतिशय उजळ दिसे. परिणामीं लाल पगडी काळी उमटते आणि निळें आकाश कोऱ्या कागदासारखें पांढरें पडतें. अशा चित्रावरून एखाद्या घराण्याच्या पागोट्याचा रंग ठरविणें म्हणजे शुद्ध अनर्थ होय.

यावरून मुख्य मुद्द्याकडे येतों. छायाचित्र हें प्रत्यक्ष प्रमाण नव्हे. प्रत्यक्ष झालें तें त्या दिवशीं, त्या स्टुडिओंत, कॅमेऱ्यामागें उभ्या असलेल्या माणसास. आपल्या हातीं उरलें आहे तें लिंग. धुरावरून अग्नि जाणावा त्याप्रमाणें त्यावरून अनुमान करावयाचें. शिवाय चित्रांतील मनुष्य कोण, स्थळ कोणतें, साल कोणतें, हें चित्र सांगत नाहीं. तेथें शब्दप्रमाणाचीच कास धरावी लागते. प्रतिमानाटकांत आजोळाहून परतणारा भरत अयोध्येबाहेरील प्रतिमागृहांत शिरतो. पुतळे समोर असूनहि पित्याच्या मरणाचें ज्ञान त्यास होत नाहीं. येथें केवळ दिवंगतांच्याच प्रतिमा असतात, असें तेथील रक्षक सांगतो तेव्हां तें होतें. प्रतिमा मुकी असते. तिच्याजवळचा रक्षक जाणता असावा लागतो.

आमच्या घरीं देवघराबाहेरच्या भिंतीवर पणजोबांचें एक छायाचित्र आहे. ते निजामाच्या राज्यांत महसूल खात्यांत कारकून होते. मांडीवर लहान मूल, डोक्यास काळी दिसणारी पगडी, आणि खालीं पुठ्ठ्यावर सिकंदराबादच्या दीनदयाळ स्टुडिओचें नांव. ‘खुद्द राजांनीं हें काढलें,’ असें वडील अभिमानानें सांगत. मींहि तीस वर्षें वर्गांत तसेंच सांगितलें, आणि एका स्मरणिकेंत छापूनहि टाकलें. गेल्या वर्षीं चौकटीची कांच तडकली म्हणून चित्र बाहेर काढलें, तों पाठीमागें पणजोबांच्या मोडी अक्षरांत ‘शके १८३३ मार्गशीर्ष’ असा लेख आढळला. म्हणजे १९११ चा अखेरचा काळ. राजांस जाऊन तेव्हां सहा वर्षें झालीं होतीं.

हा लेख मागाहूनचा असेल अशी शंका मींच प्रथम घेतली, कारण मन पराभव मानावयास तयार नव्हतें. परंतु मांडीवरचें मूल म्हणजे माझे आजोबा, आणि त्यांची जन्मपत्रिका शके १८३० ची. ती पत्रिका आमच्याच कपाटांत होती. जें लिंग चित्राच्या मध्यभागीं बसलें होतें तें तीन पिढ्यांस दिसलें नाहीं. सर्वांस पुठ्ठ्यावरचें नांव तेवढें दिसलें. पेटींतील पगडी काढून पाहिली, तर ती लाल निघाली.

राजांच्या पश्चात् त्यांचे चिरंजीव ज्ञानचंद यांनीं व्यवसाय चालविला; आमचें चित्र त्या काळांतलें आहे. राजांच्या हयातींतहि अनेक शहरीं चाललेलें काम एका हातानें होणें शक्य नव्हतें. सहाय्यक, कांचा धुणारे, छपाई करणारे, पुत्र, जनान्यांतील बाई, या सर्वांचें काम एका नांवाखालीं बाहेर पडे. ‘दीनदयाळ’ हें नांव व्यक्तीचें तसेंच कारखान्याचेंहि समजावें. यानें राजांची योग्यता उणी होत नाहीं. इतके हात एका रीतींत बसविणें हेंहि आचार्याचेंच काम आहे.

१९८९ सालीं दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें या स्टुडिओच्या २,८५७ कांचा मिळविल्या. तो मोठा संग्रह सुरक्षित आहे. घरोघरच्या भिंतींवरील चित्रांस मात्र रक्षक नाहीं. ज्यांच्या घरीं अशीं चित्रें असतील त्यांनीं तीं चौकटींतून जपून काढून पाठ वाचावी, आणि माहीत आहे तेवढेंच व ज्याच्याकडून कळलें त्याच्या नांवासह वेगळ्या कागदावर लिहून ठेवावें. स्मरणिकेंतील माझें विधान मीं येथें मागें घेतों. चित्र भिंतीवर पुनः लाविलें आहे. खालीं आतां ‘ज्ञानचंद यांच्या कारकीर्दींतील, १९११’ एवढेंच लिहिलें आहे.