'तांत्रिक बिघाड' म्हणजे नेमके काय मोडले?

विमान अपघाताची बातमी आपल्याकडे ज्या पद्धतीने लिहिली जाते, ती विज्ञान शिकवणाऱ्यांनी एकदा बारकाईने तपासावी, असे आम्हांस वाटते. पहिल्या दिवशी घातपाताचा संशय, दुसऱ्या दिवशी 'तांत्रिक बिघाड', आठवड्याभराने 'वैमानिकाची चूक' असा तिचा ठरलेला क्रम असतो. पुढे चौकशीचा अहवाल येतो, तोवर विषय आतल्या पानावर गेलेला असतो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस एअर इंडियाचे बोइंग ७८७ कोसळले आणि विमानातील २४१ व जमिनीवरील १९ माणसे गेली. त्यानंतर कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या अभ्यासमंडळात मुलांना कात्रणे आणावयास सांगितले होते. नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, तांत्रिक बिघाड म्हणजे नेमकं काय मोडलं?" तिच्या हातातल्या कात्रणात याचे उत्तर नव्हते.

उत्तर देता येते, आणि ते शाळेतल्या विज्ञानाच्या आवाक्यात असते. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईहून मद्रासला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान एक इंजिन निकामी झाल्याने परत फिरले आणि उतरण्यापूर्वीच कोसळले. ९५ जण मृत्युमुखी पडले. मोडली होती ती इंजिनातील हवा दाबणाऱ्या भागाची दहाव्या टप्प्याची चकती. तीत धातूच्या थकव्याने तडा गेला होता. चकती फुटली, तिने इंधनाची नळी तोडली, आग लागली, आगीने नियंत्रणासाठी लागणारा द्रवदाब नाहीसा केला. बांधकामाची तार दोन्ही बाजूंना वाकवत राहिले की ती एकाएकी तुटते, हा प्रयोग वर्गात दोन मिनिटांत होतो. या उड्डाणाचा क्रमांक १७१ होता आणि अहमदाबादच्या उड्डाणाचाही १७१. आकड्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांना एवढे पुरते. चकतीच्या तड्याविषयी त्यांना काही विचारावेसे वाटत नाही.

'वैमानिकाची चूक' हा शब्दप्रयोग याहून अधिक दिशाभूल करतो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईसाठी उडाले आणि १०१ सेकंदांत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात पडले. २१३ पैकी कोणीही वाचले नाही. प्रथम घातपाताची शंका घेतली गेली. मिळालेल्या अवशेषांत स्फोटाची खूण नव्हती. झाले होते असे : समुद्रावर आल्यावर विमान उजवीकडे वळले व पुन्हा सरळ झाले. परंतु मुख्य वैमानिकासमोरचे क्षितिजदर्शक उपकरण ते उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिले. वैमानिकाने ते सरळ करण्यासाठी डावीकडे कल दिला. प्रत्यक्षात सरळ असलेले विमान डावीकडे कलत कलत काटकोनाच्याही पलीकडे गेले.

मग त्याला ते जाणवले कसे नाही? येथेच जीवशास्त्राचा पाठ कामास येतो. तोल सांभाळणाऱ्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांना गतीतील बदल कळतो; संथपणे वाढणारा कल त्यांना कळेलच असे नाही. डोळे बांधून फिरत्या खुर्चीवर बसवलेल्या मुलाला एकसारख्या वेगाने फिरवत राहा, थोड्या वेळाने तो थांबलो आहोत असे सांगू लागतो. दिवसा डोळे ही उणीव भरून काढतात. त्या रात्री खाली काळा समुद्र व वर काळे आकाश, क्षितिज असे नव्हतेच. सहवैमानिकापुढे वेगळे उपकरण होते, शिवाय एक राखीव होते. त्यांच्याशी ताडून पाहावयास हवे होते हे खरे. पण त्यासाठी हातात मोजके सेकंद होते. चौकशीने उपकरणातील दोष व वैमानिकाची कृती दोन्ही नोंदवल्या. अमेरिकेतील न्यायालयाने निर्मात्या कंपन्यांस जबाबदार धरले नाही. लोकांच्या स्मरणात मात्र एकच बाजू उरते.

औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) उदाहरण तर मराठी शिक्षकांनी आवर्जून घ्यावे. २६ एप्रिल १९९३ रोजी उड्डाण करताना इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरील कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले. पुढे ते विजेच्या तारांत अडकून पडले. ११८ पैकी ५५ दगावले. चौकशीने दोन कारणे दिली : वैमानिकाने विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या रीतीने उचलले, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक रोखली गेली नाही. एप्रिलच्या दुपारी हवा विरळ असते आणि धाव लांबते, हेही मुलांकडून काढून घेता येईल. आम्ही ज्यांना ज्यांना विचारले, त्यांना फक्त ट्रक आठवला.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अशा चौकशीचा हेतू पुढील अपघात टाळणे एवढाच असतो, दोष वाटणे हा नव्हे. त्या कसोटीवर अहमदाबादचा जुलै २०२५ मधील प्राथमिक अहवाल वाचताना आम्हांस एक उणीव जाणवते. १ वाजून ३८ मिनिटे ४२ सेकंदांनी विमानाने १८० नॉट हा सर्वाधिक वेग गाठला. लगेच दोन्ही इंजिनांच्या इंधन-कळा एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्या. सुमारे दहा सेकंदांनी पहिली कळ पुन्हा चालू स्थितीत आली. हे काटेकोर आहे. परंतु वैमानिकांचे संभाषण मात्र एका वाक्यात, तेही शब्दशः नाही : एकाने इंधन का तोडले असे विचारले, दुसऱ्याने आपण तोडले नाही असे सांगितले. कोण कोणास बोलले, नेमक्या कोणत्या सेकंदाला, काही नाही. इतके सांगायचे तर अधिक सांगावयास हवे होते, नाहीतर तूर्त काहीच नको होते.

वर्तमानपत्रांनी पुढची मजल गाठली. अहवालात कळांची स्थिती 'बदलली' असे होते, ती कोणी बदलली हे नव्हते. मराठी मथळ्यांत ते 'इंधन बंद केले' असे अवतरले. 'झाले' व 'केले' यांतला फरक आपण सहावी-सातवीच्या व्याकरणात शिकवतो. त्या एका क्रियापदाने, चौकशी पूर्ण होण्याआधीच, स्वतःची बाजू मांडू न शकणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला कर्ता करून टाकले.