‘प्रवेश-नियंत्रण’ आणि ‘राबता’ : आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणाच्या निमित्ताने

शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गास शासकीय मराठीत ‘प्रवेश-नियंत्रित’ असे विशेषण लावले जाते. एकूण ७०१ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. वाहनाने ठरलेल्या ठिकाणीच मार्गावर चढावे व ठरलेल्या ठिकाणीच उतरावे, एवढाच अर्थ येथे अभिप्रेत असल्यामुळे त्या विशेषणाविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु हीच संज्ञा जेव्हा वाशिंद, आसनगाव, आटगाव या बाजूस उभ्या राहिलेल्या गोदामांच्या फाटकावर येऊन पोहोचते, तेव्हा तिचे अपुरेपण उघडे पडते.

‘प्रवेश’ म्हणजे आत शिरणे. इंग्रजीतील ‘ॲक्सेस’ या शब्दात एखाद्या वस्तूपर्यंत हात पोहोचण्याचा भाव आहे. ‘प्रवेश’ या प्रतिशब्दात तो उरत नाही, उंबरठा ओलांडण्याची क्रिया तेवढी शिल्लक राहते. गोदामाचा खरा प्रश्न मात्र उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंस पसरलेला असतो. तेथील माल चोरवाटेने आत आलेल्या परक्याकडूनच जातो असे नव्हे. ज्याच्यापाशी रीतसर परवाना आहे, ज्याची गाडी नोंदलेली आहे आणि ज्याला पहारेकरी ओळखतो, त्याच्याही हातून तो मुख्य फाटकानेच बाहेर जाऊ शकतो. अशा ठिकाणी आत येणाऱ्याची झडती कितीही कसोशीने घेतली, तरी निम्मेच काम होते. आपल्या दप्तरी व्यवहारात रुळलेली ‘आवक-जावक’ ही जोडी या दृष्टीने नव्या संज्ञेपेक्षा अधिक शहाणी होती असे म्हणावे लागते.

तानसाच्या रानालगत माहुली, पळसगड व भंडारगड या तीन शिखरांचा दुर्ग उभा आहे. फाटकांचा विचार मराठी गद्याने प्रथम केला तो अशाच दुर्गांच्या संदर्भात. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले आज्ञापत्र (सुमारे १७१५) राजनीतीचा ग्रंथ म्हणून पुष्कळ वाखाणले गेले आहे. त्यातील दुर्गप्रकरण हे ये-जा कशी राखावी याचे व्यवहारशास्त्र आहे, याकडे मात्र टीकाकारांनी पुरेसे लक्ष दिले पाहिजे. तेथे दरवाजाचा विचार तटाइतक्याच बारकाईने केलेला आढळतो. दरवाजा खालच्या माऱ्यात येऊ नये, त्यापुढे बुरूज असावा, आणि येणाराजाणारा मार्ग त्या बुरुजाच्या टप्प्यात पडावा, असा आग्रह आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गडाला एकच दरवाजा असणे हे तेथे मोठे वैगुण्य मानले आहे. दोन-तीन दरवाजे व चोरदिंड्या कराव्यात, नित्याच्या राबत्यास लागतील तेवढ्याच उघड्या ठेवाव्यात, बाकीच्या चिणून टाकाव्यात, असे सूत्र तेथे आहे.

या सूत्रातील कळीचा शब्द ‘राबता’ हा होय. फारसी-अरबी वळणाचा हा शब्द आजही जिवंत आहे. एखाद्या घरी माणसांचा राबता असतो असे आपण सहज म्हणतो. त्यात येणे आहे, जाणे आहे आणि नित्यपणाही आहे. किती दारे उघडी ठेवावीत हे ठरविण्याचे मोजमाप भीती नसून राबता आहे, हा अमात्यांच्या गद्यातील विचार केवळ शब्दयोजनेचा योगायोग मानता येणार नाही. अधिकाराची विभागणीही याच जातीची. सभासदाच्या बखरीत हवालदार, सबनीस व सरनोबत हे एकाच प्रतीचे अधिकारी सांगितले असून कारभार तिघांनी मिळून करावयाचा आहे. कोठीचा हिशेब कारखानिसाकडे. एकटा कोणीही फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा त्यामागील हेतू. याउलट फाटक उघडणे, गाडीची नोंद करणे, मोहोर तपासणे व माल मोजणे ही चारही कामे रात्रपाळीच्या एकाच माणसावर जेथे सोपविलेली असतात, तेथे यंत्रे कितीही बसविली तरी तिघांचा कारभार एकाचा झालेला असतो.

तथापि आज्ञापत्राचा हा धडा गोदामाला जसाच्या तसा लागू करणे ही चूक ठरेल. दुर्गाला राबता थोडा हवा असतो. गोदाम राबत्यावरच जगते. त्यासाठी दुसरा दाखला मुरबाड तालुक्याच्या माथ्यावर आहे. सातवाहनकालीन शिलालेखांच्या नाणेघाटात एक दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखविला जातो. परंपरा खरी धरली, तर त्या खिंडीत वाट अडविणे हा उद्देश नव्हता. बैलांचे तांडे जावेत, आणि जाताना मोजले जावेत, हा होता. गोदामाचे फाटक गडाच्या दरवाजापेक्षा या खिंडीच्या अधिक जवळचे आहे.

आणखी एका शब्दाची येथे चिकित्सा करणे अगत्याचे आहे. अपघातापासून बचाव आणि घातपातापासून बचाव या दोहोंना मराठीत ‘सुरक्षा’ हा एकच शब्द वापरला जातो. बंदरे व जहाजे यांच्या रक्षणासाठी जी आंतरराष्ट्रीय संहिता १ जुलै २००४ पासून अमलात आली, तिच्या फ्रेंच नावात दुसऱ्या अर्थाचा ‘स्यूर्ते’ हा शब्द योजलेला आहे. पहिल्या अर्थाचा ‘सेक्युरिते’ वेगळा. हा भेद पंडिती नव्हे. चोरी टाळण्यासाठी लावलेले कुलूप आग लागली म्हणजे शत्रू होते. न्यू यॉर्कमधील ट्रँगल कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी १४६ जण मृत्युमुखी पडले. बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते, आणि कामगारांनी माल चोरून नेऊ नये हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते. ज्या भाषेत दोन्ही गोष्टींना एकच नाव आहे, तिच्यात ‘सुरक्षेसाठी मागचे दार बंद ठेवावे’ हे वाक्य निर्दोष वाटते, हीच भीतीची गोष्ट आहे. अमात्यांनी एकाच दरवाजाला वैगुण्य का म्हटले असावे, हे अशा वेळी नीट उमगते. रक्षणातील पहिल्या अर्थासाठी ‘सुरक्षितता’ व दुसऱ्यासाठी जुना ‘बंदोबस्त’ राखून ठेवता येईल. ‘बंदोबस्त’ पोलिसी वाटतो हा आक्षेप खरा असला, तरी तो संदिग्ध नाही.

१९८१ च्या राज्य अधिनियमाने खाजगी ‘सुरक्षा रक्षक’ हे नाव रूढ केले आणि रखवालदार मागे पडला. नाव मोठे झाले, कामाची वाटणी मात्र नावाबरोबर झाली नाही. फाटकावरच्या वहीत ‘आत’ आणि ‘बाहेर’ असे दोन रकाने असतात. संज्ञा ‘प्रवेशा’चीच असल्यामुळे पहिला रकाना भरून घेण्याविषयी जेवढी ताकीद दिली जाते तेवढी दुसऱ्याविषयी दिली जात नाही, आणि आग लागल्यावर आत नेमकी किती माणसे राहिली आहेत, हे त्या दुसऱ्या रकान्यावाचून कोणालाही सांगता येत नाही.