'पादशाहनामा' आणि धारूरची पेठ

अब्दुल हमीद लाहोरीच्या 'पादशाहनाम्यां'त इ. स. १६३१ मधील आजमखानाच्या धारूर-विजयाचा वृत्तान्त आहे. किल्ल्याच्या बळकटीचें वर्णन त्यांत येतें. लगतची आठवडी पेठ मात्र लुटीपुरतीच दिसते. तेथील हमाल, कोष्टी वा तेली यांस त्यांत नांव नाहीं. ग्रंथ दरबारासाठीं लिहिलेला. त्याच्या आधारें कसब्याचा इतिहास रचणें आम्हांस सदोष वाटतें. मजुराचें नांव सांपडेल तें हिशेबांत, हाजिरीपटांत किंवा तंट्याच्या महजरांत. तेंही त्यास रोजमुरा मिळाला, दंड झाला अथवा साक्ष द्यावी लागली तेवढ्यापुरतें. अशा दोन-चार नोंदी एकत्र जुळल्या, तरच त्याचें आयुष्य दिसूं लागतें. म्हणून संग्राहकांनीं शिक्क्याचीं फर्मानें जपतांना मोडी रुमालांतील हे फाटके बंद रद्दींत घालूं नयेत.