आशय-व्यवस्थापन प्रणालींची निवड : एक चिकित्सा

संकेतस्थळासाठी प्रणाली निवडताना वर्डप्रेस, जूमला व ड्रुपल यांच्या सुविधांचे तक्ते मांडण्याची प्रथा आहे. तिन्ही मुक्तस्रोत असल्याने मोफतपणाचा निकष निरर्थकच ठरतो. खरी कसोटी आवृत्ती बदलताना लागते. ड्रुपल ७ (२०११) वरून ड्रुपल ८ (२०१५) कडे जाणे हे निव्वळ अद्ययावतीकरण नव्हते. गाभाच सिम्फनीच्या आधारे नव्याने रचला गेल्याने पूरक घटक पुन्हा लिहावे लागले, मजकूर स्थलांतरित करावा लागला. जुनी स्थळे इतकी रेंगाळली, की ड्रुपल ७ ची मुदत वारंवार वाढवून ५ जानेवारी २०२५ रोजी संपवावी लागली. वर्डप्रेसने मात्र जुन्याशी सुसंगती जपली. गुंतागुंतीच्या आशयरचनेत ड्रुपल आजही सरस आहे, हे मान्यच. परंतु जेथे संकेतस्थळ एखाद्या हौशी प्राध्यापकाच्या भरवशावर चालते, त्या महाविद्यालयाला हे सरसपण पेलणारे नाही.