किशोरांची कैफियत

1967 साली ‘द आउटसायडर्स’ ही लहानशी कादंबरी अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तेव्हा तिची लेखिका एस. ई. हिंटन अठरा वर्षांची होती, आणि ती लिहावयास घेतली तेव्हा तर अवघी पंधरा वर्षांची. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरी, आपल्या शाळेत सधन व निर्धन मुलांचे जे तट तिने रोज पाहिले होते, त्यांचा मागमूसही मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या पुस्तकांत तिला आढळेना, तेव्हा ते लिहिण्याचे काम तिने स्वतःच्या शिरावर घेतले. आणि मुलीचे नाव पाहून पुरुष परीक्षक पुस्तक बाजूस सारतील या धास्तीने प्रकाशकांनी मुखपृष्ठावर तिची केवळ आद्याक्षरे छापली. कथेचा निवेदक पोनीबॉय चौदा वर्षांचा आहे. आईबाप मोटारीच्या अपघातात गेलेले, दोन थोरले भाऊ कसाबसा संसार रेटताहेत, एका रात्री त्याचा जीव वाचविताना मित्राच्या हातून खून घडतो; आणि हे सर्व वाचून झाल्यावर, पुस्तकाचे पहिले वाक्य अखेरीस पुन्हा समोर येते तेव्हा आपल्या ध्यानात येते की, नापास होण्याच्या बेतास आलेल्या या मुलाला इंग्रजीच्या शिक्षकांनी जो निबंध लिहावयास सांगितला होता, तोच आपण आतापर्यंत वाचीत होतो.

या रचनेत पुढील अर्धशतकात बहरलेल्या एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराचे बीज आहे, असे माझे मत आहे. संकटात सापडलेल्या किशोरवयीनांच्या वास्तवदर्शी कादंबऱ्या असा या प्रकाराचा परिचय करून दिला जातो, आणि मग त्या संकटांची यादी केली जाते: व्यसन, बलात्कार, आत्मघात, वर्णद्वेष, मोडलेले घर. परंतु संकट हा या कादंबरीचा केवळ विषय होय. तिचा आत्मा आहे ती कैफियत. ज्याच्याविषयी शिक्षक, आईबाप, डॉक्टर आणि न्यायाधीश आपापले निर्णय दप्तरी दाखल करून मोकळे झालेले आहेत, त्या मुलाने स्वतःच्या शब्दांत दिलेली जबानी ही जेथे खरी उतरते तेथे ही कादंबरी वाङ्मय होते, आणि जेथे ती जबानी वडीलधाऱ्यांनी पढविलेली असते तेथे तिला उपदेशपत्रिकेची कळा येते.

ही दुसरी गत पुष्कळ पुस्तकांची झाली, हे कबूल केले पाहिजे. 1971 साली ‘गो आस्क ॲलिस’ हे पुस्तक एका व्यसनाधीन मुलीची खरीखुरी रोजनिशी म्हणून निनावी प्रसिद्ध झाले आणि अमाप खपले. पुढे त्यामागे बिअट्रिस स्पार्क्स या प्रौढ बाईंचा हात असल्याचे उघडकीस आले. फसवणुकीचा दोष तर आहेच; पण मला त्याहून गंभीर वाटतो तो वाङ्मयीन दोष, तो असा की, मुलीच्या तोंडी घातलेला प्रत्येक उद्गार तिला बुडविण्यासाठी आणि वाचक मुलीस दहशत घालण्यासाठी योजलेला आहे. तेथे व्यसन जिवंत आहे आणि मुलगी केवळ दृष्टान्तापुरती. ज्यूडी ब्लूम यांच्या लेखनाची प्रेरणा नेमकी याच्या उलट होती. प्रीती करणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी मरत नाही असे एक तरी पुस्तक असावे, असे त्यांच्या मुलीने म्हटले, म्हणून त्यांनी 1975 साली ‘फॉरेव्हर’ लिहिले. कलाकृती म्हणून ते थोर नाही; पण त्यात शिक्षेचा हुकूम नाही, आणि तेवढ्यासाठीच कितीतरी शाळांच्या ग्रंथालयांतून त्यास हद्दपार व्हावे लागले.

रॉबर्ट कॉर्मियर यांची ‘द चॉकलेट वॉर’ ही 1974 सालची कादंबरी मात्र थोर आहे. शाळेसाठी चॉकलेटचे पन्नास डबे विकावयास एक मुलगा नकार देतो, एवढ्याशा घटनेवर ती उभी आहे. आणि शाळेचा कारभार पाहणारा धर्मसंघातील ब्रदर व मुलांची गुप्त टोळी यांच्या संगनमताने तो मुलगा अखेर चिरडला जातो. शेवट बदलावा, अशी सूचना कित्येक प्रकाशकांनी केली होती. कॉर्मियर यांनी ती मानली नाही. लढून काही उपयोग नाही असे म्हणण्याइतका पराभूत झालेला नायक किशोरांच्या हाती द्यावा काय, हा वाद तेव्हापासून चालू आहे. माझा कौल कॉर्मियर यांच्या बाजूने आहे, कारण शाळेत एकट्या पडलेल्या मुलाला सुखान्ताच्या थापा तत्काळ ओळखू येतात.

या सर्व प्रवाहात ज्या एका पुस्तकापाशी मी पुनःपुन्हा परततो, ते लॉरी हॉल्स अँडरसन यांचे 1999 सालचे ‘स्पीक’ होय. नववीत दाखल झालेली मेलिंडा कोणाशीही बोलत नाही. उन्हाळ्यातील एका मेजवानीत तिने पोलिसांना दूरध्वनी केला, म्हणून सर्व मैत्रिणींनी तिला वाळीत टाकले आहे. तो दूरध्वनी तिने का केला हे कोणी विचारलेले नाही, आणि आपल्यावर बलात्कार झाला हे शब्द तिला स्वतःशीही उच्चारता येत नाहीत. आता ज्या मुलीला बोलताच येत नाही तिची जबानी लिहावयाची कशी? या ठिकाणी लेखिकेची प्रतिभा पणास लागते. चित्रकलेच्या तासाला शिक्षक एका जुन्या पृथ्वीगोलात चिठ्ठ्या टाकून प्रत्येकास एक विषय काढावयास सांगतात, आणि मेलिंडाच्या वाट्याला ‘झाड’ येते. वर्षभर तिला ते झाड साधत नाही. रंगात साधत नाही, लिनोलियमच्या ठशात साधत नाही. सणाच्या दिवशी घरी टर्की पक्ष्याचे जेवण बिघडते, तेव्हा उरलेली हाडे गोळा करून ती शाळेत नेते, त्यांची आकृती रचते आणि तीत बाहुलीचे मुंडके बसविते. मग त्या बाहुलीच्या तोंडावर चिकटपट्टी लावते. मेलिंडा यावर भाष्य करीत बसत नाही, आणि लेखिकाही करीत नाही. ओठ चावून चावून खपल्या धरलेल्या या मुलीचे सारे मौन त्या चिकटपट्टीत एकवटले आहे, आणि पुस्तकाच्या अखेरीस कागदावर झाड उमटते व ती शिक्षकांशी बोलू लागते, तेव्हा ते बोलणे कोणी तिच्याकडून वदवून घेतलेले नसते.

त्याच वर्षी वॉल्टर डीन मायर्स यांची ‘मॉन्स्टर’ आली आणि किशोरवाङ्मयासाठी नव्याने सुरू झालेले प्रिन्ट्झ पारितोषिक 2000 साली प्रथम तिलाच मिळाले. हार्लेममधील सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय स्टीव्ह हार्मन खुनाच्या खटल्यात आरोपी आहे आणि कोठडीत बसून तो आपल्या खटल्याचा चित्रपट लिहितो, कारण सरकारी वकिलांनी आपल्याला दिलेले नाव त्याला सहन होत नाही. तो निर्दोष सुटतो. सुटकेच्या आनंदात तो आपल्याच वकीलबाईंना आलिंगन देण्यास हात पसरतो, आणि त्या पाठ फिरवितात. कायद्याने मोकळा केलेला मुलगा माणसांच्या नजरेत मोकळा होत नाही, आणि खरोखर त्या रात्री त्याने काय केले हे वाचकालाही निश्चित कळत नाही. निकाल देण्याचा सोपा अधिकार वाचकाकडून काढून घेणे हे धैर्य या प्रकारात विरळा आहे.

याच्या शेजारी जे ॲशर यांचे 2007 सालचे ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ठेवून पाहावे. आत्मघात केलेल्या मुलीने मागे ठेवलेल्या ध्वनिफिती एकेकास दोषी ठरवीत फिरतात. पुस्तकही लोकप्रिय झाले, त्यावरील मालिकाही. लेखकाच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण येथे जबानीचे आरोपपत्र झाले आहे, आणि मृत्यूनंतर आपले सर्व जण ऐकतील ही दुःखी मुलाची सर्वांत घातक कल्पना कथेच्या रचनेनेच खरी करून दाखविली आहे. या कादंबरीचा उत्कंठेसाठी गौरव होतो, तो मला मान्य नाही. उलट अँजी थॉमस यांच्या 2017 सालच्या ‘द हेट यू गिव्ह’ मधील स्टार, पोलिसाने डोळ्यांदेखत मित्राला गोळी घातलेली मुलगी, जिवंत राहून साक्ष देते. न्याय मिळत नाही, तरी तिचा आवाज तिच्यापाशी राहतो.

आता आपल्याकडे वळतो. किशोराच्या दुःखाला मराठीने कधी पाठ दाखविली नाही. किंबहुना ते आपल्या गद्याचे एक वैभव आहे. पण ते दुःख सांगणारा बहुधा मोठा झालेला असतो. ‘श्यामची आई’तील श्याम प्रौढपणी आश्रमातील मित्रांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो, आनंद यादवांच्या ‘झोंबी’त शाळेसाठी बापाशी झुंजणारा मुलगा लेखक झाल्यानंतर बोलतो, दलित आत्मकथनांतील मुलाची भूक आणि अपमान हे तर लेखणी हाती आलेल्या माणसाने समाजापुढे मांडलेले दस्तऐवज आहेत. या सर्वांत जो तगला त्याची वाणी आहे, आणि ती मोलाची आहे. पण जो अद्याप पुराच्या मध्यावर आहे, तरेल की नाही हे ज्यास ठाऊक नाही, त्याची वाणी निराळी असते. ती मला मिळाली ती मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त. आणीबाणीच्या वर्षी नववीत असलेला मुकुंद जोशी शिरोडकर या वर्गातल्या मुलीवरील प्रेमाविषयी बोलतो तेव्हा त्याच्या खांद्यावरून कोणी शहाणा प्रौढ डोकावत नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपनही असाच आतून बोलतो, फक्त तो वयाने लहान आहे.

‘शाळा’ 2004 साली आली, त्यास आता दोन दशके उलटली. तिच्या पाठोपाठ किशोरांना उद्देशून, त्यांच्या कपाटात ठेवण्यासाठी लिहिलेल्या अशा कादंबऱ्यांची रांग लागावयास हवी होती, ती लागली नाही. साहसकथा, चरित्रे, विज्ञानकथा भरपूर आहेत. ज्या घरात दारू आहे, ज्या वर्गात जात विचारली जाते, ज्या मुलीचे लग्न दहावीच्या आधी ठरते, तेथील मुलामुलींशी बोलणारे पुस्तक मात्र मोठ्यांच्या दालनात असते, किंवा नसतेच.

एका तालुक्याच्या गावी वाचनालयात मी बसलो असता आठवी-नववीतील एक मुलगी ‘शाळा’ मागावयास आली. बालविभागाच्या वर्गणीवर ते पुस्तक देता येत नाही, असे तिला सांगण्यात आले. नियम तसा होता आणि सांगणाऱ्या बाई प्रेमळ होत्या. मुलगी रागावली नाही, हट्टही धरला नाही. तिने टेबलावरील नोंदवही उलटी करून त्या पुस्तकाचा क्रमांक आपल्या तळहातावर लिहून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी आजोबांना सोबत घेऊन आली.

प्रत्येक मुलीला असे आजोबा नसतात. म्हणून माझी ग्रंथपालांना विनंती आहे की, ‘शाळा’ची एक प्रत त्यांनी कुमारविभागात ठेवावी, आणि ज्या लेखकांना आपले पंधरावे वर्ष आठवते, त्यांनी तिच्या शेजारची जागा भरावी.