वधूवस्त्र : दिलेले आणि निवडलेले

नारायणगडाला आमच्याकडे धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, ती माणसे गडावर येऊन माथा टेकतात. गडाच्या परिसरातल्या आमच्या गावी गेल्या वैशाखात माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न झाले. तिचा बस्ता बांधायला आम्ही बीडला गेलो होतो. दुकानाच्या गादीवर आधी शालू उलगडले गेले, मग पैठण्या. शेवटी दुकानातल्या मुलाने शिवलेल्या नऊवारींचा गठ्ठा पुढे ओढला. ‘ब्राह्मणी’, ‘पेशवाई’, ‘शाही मस्तानी’, ‘राजलक्ष्मी’ अशी नावे घेत तो एकेक घडी सरकवत होता. भाचीने माझ्याकडे वळून विचारले, “आत्या, यातलं खरं पारंपरिक कोणतं?”

तीस वर्षे मराठी शिकवूनही मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

१

सुरुवात ‘बस्ता’ या शब्दापासून करावी लागेल. हा शब्द फारसीतला. बांधलेले गाठोडे असा त्याचा अर्थ. या गाठोड्यात नवरीच्या वस्त्राबरोबर विहिणीचे पातळ, मानपानाची लुगडी, धोतरे, टोप्या, उपरणी, फेटे असे सगळे लग्नच बांधलेले असे. गादीवर दोन्हीकडची जाणती माणसे बसत. नवरी बहुधा घरीच असे. आमच्या भागात दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत या गाठोड्याचा खर्च अनेकदा कारखान्याच्या उचलीतून होतो, म्हणजे अजून न तोडलेल्या उसाच्या मजुरीतून. तेव्हा बस्त्यावरची चर्चा ही निव्वळ हौसेची चर्चा कधीच नसते.

आईच्या लोखंडी पेटीत मला आजोबांच्या हातची बस्त्याची एक यादी सापडली. तीत तीन रकाने आहेत: वस्त्र, कोणासाठी, कोणाकडून. काठ, पोत, प्रकार यांचा उल्लेख नाही. रंगाचा उल्लेख एकाच ठिकाणी आहे: ‘पिवळे, मामाकडून’.

हे पिवळे म्हणजे अष्टपुत्री. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ या आशीर्वादाशी तिचे नाव जोडलेले आहे. मामाने आणलेले पिवळे वस्त्र नेसून नवरी गौरीहर पुजते आणि मामाच तिला बोहल्यापर्यंत आणतो. शालू येतो तो सासरकडून. एका दिवसात मुलीच्या अंगावरचे वस्त्र बदलते आणि त्याबरोबर तिचे घर बदलते. मांडवातल्या प्रत्येकाला हे न सांगता वाचता येत असे. परंपरेपुढे ‘कोणती साडी’ हा प्रश्न फारसा नव्हताच. प्रश्न होता ‘कोणाची साडी’.

यात जिव्हाळा होता, हे खरे. पण आठ पुत्रांचा आशीर्वाद वस्त्राच्या नावातच घालून ते मुलीला नेसवले जाई आणि तो आशीर्वाद तिला हवा आहे का, हे तिला कोणी विचारत नसे, हेही तितकेच खरे.

२

आज निवड बहुतेक वेळा शालू आणि पैठणी यांच्यात होते. शालूचे गाव बनारस, पैठणीचे पैठण. मराठी वधूचा जो सर्वांत लाडका ग्रंथ, तोही याच दोन गावांमधला आहे. पैठणच्या एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ शके १४९३ मध्ये, म्हणजे इ. स. १५७१ साली, काशीत पूर्ण केले. मुलीचे लग्न जमावे म्हणून घरोघर त्याची पारायणे झाली, आजही होतात. आणि या ग्रंथाची नायिका कोण, तर घरच्यांनी ठरवलेला शिशुपाल नाकारून स्वतः पत्र धाडणारी रुक्मिणी. जिने वर निवडला, तिची कथा आपण अशा मुलींना वाचायला दिली, ज्यांना साडीदेखील निवडता येत नव्हती. आपल्या लग्नसंस्कृतीतली ही विसंगती मला नेहमीच बोलकी वाटत आली आहे.

पैठण आमच्या जिल्ह्याच्या वेशीवर. गोदावरी ही बीडची उत्तर सीमा आणि तिच्याच काठी ते वसलेले. तरीही पैठणी आमच्या शेतकरी घरांत नांदत नव्हती. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात पैठणच्या वस्त्रांची मागणी आढळते. ते दरबारी, श्रीमंती वस्त्र होते. आमच्या आज्या नेसल्या ती इरकली लुगडी आणि त्यांवर खणाची चोळी. इरकलीचे मूळ गाव इलकल आणि खणाचे गुळेदगुड्ड, दोन्ही आजच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. मराठवाड्यातल्या बाईचे वस्त्र सीमा ओलांडून येत होते आणि त्याला कोणी परके म्हणत नव्हते.

मग पैठणी ‘प्रत्येक मराठी नवरीची’ केव्हा झाली? शांता शेळके यांच्या ‘पैठणी’ या कवितेत ती आजीच्या लग्नातली, गाठोड्याच्या तळाशी जपलेली वस्तू आहे. तिच्यात किमतीपेक्षा स्पर्श आणि वास महत्त्वाचा आहे. २००४ साली ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला आणि पैठणी बक्षीस म्हणून रोज संध्याकाळी घराघरांत दिसू लागली. ‘गोष्ट एका पैठणीची’ या चित्रपटाला २०२० या वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याची नायिका इतरांच्या साड्यांना फॉल-पिको करते आणि स्वतःच्या पैठणीचे स्वप्न पाहते. आठवण, बक्षीस, स्वप्न असा हा प्रवास आहे. यातली पहिली पायरी वारशाची. पुढच्या दोन्ही बाजाराच्या.

बाजाराने वाईटच केले असे मी म्हणणार नाही. मागणी वाढली म्हणून येवल्याचे हातमाग टिकले. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. खऱ्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, लोंबते धागे नसतात. आमच्या गादीवर अंथरलेल्या बहुतेक ‘पैठण्या’ उलटल्यावर लगेच आपली जात सांगत होत्या. हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्याकडेच वळते.

३

नऊवारीच्या घड्यांवर लावलेली नावे पाहा. ‘ब्राह्मणी’ हे एका जातीचे नाव आहे. ‘पेशवाई’ ही १८१८ साली संपलेली सत्ता. बीड तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. पेशवे आमच्या मुलखात आले ते राक्षसभुवनला, १७६३ साली, निजामाशी लढायला. ‘मस्तानी’ हे तर एका माणसाचेच नाव. जिचे लग्न पुण्याने लग्न मानले नाही, जी १७४० साली बाजीरावापाठोपाठ गेली, तिचे नाव आज मंगलाष्टकांच्या वस्त्राला लावले जाते. हे नामकरण इतिहासाने केलेले नाही. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ आला आणि पाठोपाठ दुकानांत या नावांची रेलचेल झाली.

असे आपल्याकडेच घडते असे नाही. चीनमधल्या नवरीपुढेही आज हाच पेच असतो. ग्वांगदोंग-हाँगकाँगकडचा ‘छ्युनग्वा’, म्हणजे सोन्याचांदीच्या तारेने नाग-गरुडासारखे ड्रॅगन आणि फिनिक्स भरलेला लाल अंगरखा व घागरा, हा एक पर्याय. भरतकाम जितके दाट तितका त्याचा दर्जा वरचा. शांघायात १९२० च्या दशकात रूढ झालेला अंगाबरोबरचा ‘छीपाव’ हा दुसरा. आणि सैल, नक्षीदार ‘श्यूह’ पोशाख हा तिसरा. हा तिसरा तिथे अत्यंत लोकप्रिय आणि ‘पारंपरिक’ म्हणून मान्यता पावलेला आहे. पण त्याचे नाव आले ते या शतकाच्या आरंभीच्या एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या पात्रावरून. वेशभूषा टिम यिप यांची होती. श्यूह ही श्रीमंत घराण्याला वारस मिळावा म्हणून आणलेली धाकटी बायको. मस्तानी आणि श्यूह, दोघींच्या वाट्याला जे लग्न आले ते कोणतीही आई आपल्या मुलीसाठी मागणार नाही. पण त्यांचा पोशाख मात्र सगळ्यांना हवा आहे. पडदा कथा विसरायला लावतो आणि घडी तेवढी हाती देतो.

४

भाचीच्या प्रश्नाचे सोपे उत्तर मग असे होते: यातले काहीच पारंपरिक नाही, मामाची पिवळी तेवढी नेस. पण ते उत्तर द्यायला माझी जीभ रेटली नाही, कारण नेसण्याच्या पद्धतीचा आणखी एक इतिहास या मातीत आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. लुगडे नेसण्याच्या ढबीवरून आणि अंगावरच्या दागिन्यांवरून जात ओळखू येते, ती खूण टाकून द्या, असा त्याचा आशय होता. त्यानंतर लगेच बायकांनी आपली लुगडी निराळ्या पद्धतीने नेसली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथामुळे या चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास आपल्यापुढे आला. लुगडे घोट्यापर्यंत आणणे एवढीच ती कृती. पण तिच्यासाठी गावात मार खाण्याची तयारी लागत होती. ज्या मुलखात निऱ्यांवरून माणसाची जागा ठरत होती, तिथे ‘ब्राह्मणी’ हा शब्द निव्वळ शिलाईचा एक प्रकार म्हणून उच्चारता येतो, ही विस्मृती म्हणायची की मुक्ती? माझ्या मते थोडी दोन्ही. कोणतीही मुलगी आज ती घडी विकत घेऊ शकते, ही मुक्ती. त्या घडीला कधीकाळी पहारा होता हे तिला माहीत नाही, ही विस्मृती.

आणि १९५६ नंतर बौद्ध विवाहात वधू पांढऱ्या साडीत उभी राहू लागली. ज्या समाजात पांढरे वस्त्र वैधव्याशी जोडलेले होते, तिथे नवरीने पांढरे नेसणे हे एका अख्ख्या समाजाने विचारपूर्वक केलेले विधान होते. बीड जिल्ह्यातही अशी लग्ने गावोगाव लागतात. शंभर वर्षांत मराठी वधूवस्त्राची खरीखुरी निवड कोणी केली असेल, तर ती या स्त्रियांनी. दुकानाच्या ‘पारंपरिक’ गठ्ठ्यात ती पांढरी साडी नसते. सात दशके आणि तीन पिढ्या एवढा काळ परंपरा व्हायला पुरत नसेल, तर एका चित्रपटाचे एक दशक कसे पुरते, हे कोणीतरी सांगायला हवे.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. ‘पारंपरिक’ हा शब्द आपण रूपाला लावतो. तो नात्याला आणि निर्णयाला लावायला हवा. कोणी दिले आणि कोणी ठरवले, या दोन प्रश्नांची उत्तरे जिच्याजवळ आहेत, तिचे वस्त्र अस्सल. मग ते येवल्याच्या मागावरचे असो की शिलाईयंत्रावरचे.

त्या दिवशी गादीवर मी यातले काहीच बोलले नाही. आजोबांच्या यादीची गोष्ट तेवढी भाचीला सांगितली. तिने थोडा वेळ विचार केला, मग मामाला फोन लावला. “मामा, पिवळी तुमचीच. पण काठ मी बघणार. तुम्ही या.” मामा पुढच्या एसटीने आले. शालूऐवजी तिने शिवलेली हिरवी नऊवारी घेतली, कारण नीट नेसवणारे हात आता घरात उरलेले नाहीत आणि तिला दिवसभर मोकळे वावरायचे होते. पिशवीत टाकण्याआधी तिने त्यावरची ‘पेशवाई’ची चिठ्ठी काढून गादीवर ठेवली.

घरी आल्यावर नवी यादी तिनेच लिहिली. आजोबांचे तीन रकाने तसेच ठेवले आणि चौथा आखला: ‘कोणी निवडले’. पिवळ्या साडीपुढे त्या रकान्यात दोन नावे आहेत, मामाचे आणि तिचे.